वहीचं चिकटवलेलं पान

मुलांनो, क्षणभर एक दार डोळ्यांपुढे आणा. उंच, जड, पितळी कडीचं. आत भिंतभर पुस्तकं आहेत, पण तुमच्या वस्तीतल्या कुणालाही त्या दारातून आत जायची मुभा नाही. आता असं समजा, की त्यातली निम्मी पुस्तकं तुमच्याच आजोबांनी शिवली आहेत. फाटकी पुस्तकं मागच्या खिडकीतून घ्यायची आणि शिवून त्याच खिडकीतून परत करायची. राग येतो ना? टाचणीलाही यायचा.

टाचणी म्हणजे बाइंडरआजोबांची नात. अंगाने काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून शाळेने हे नाव ठेवलेलं. वाचनालयाचं ते दार तिच्या जन्माआधीच सगळ्यांना खुलं झालं होतं. खुलं केलं ते शिंपीणबाईंनी आणि मास्तरांनी. वस्तीतल्या माणसांना घेऊन दोघं रोज सकाळी दाराशी जाऊन उभी राहायची. एका सकाळी रखवालदाराने दार धाडकन लोटलं आणि आजोबांची दोन बोटं फटीत चिरडली. ती पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. आजोबा दाभण अजून तीन बोटांतच धरतात. टाचणी ते बघत मोठी झाली, आणि रखवालदाराच्या घरावर एक दिवस याचा वचपा काढायचा, हे तिच्या मनाने कधीच घेतलं होतं.

शाळेत बाईंनी गावासमोर होणाऱ्या भाषणस्पर्धेचा विषय दिला : शिंपीणबाई आणि मास्तर, दोघांत थोर कोण? टाचणीने मास्तरांची बाजू घेतली. शिंपीणबाईंच्या बाजूने उभा राहिला शिडी. हा वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, आणि रखवालदाराचा सख्खा नातू. मधल्या सुट्टीत तो सांगत सुटला, की शिंपीणबाई स्वतः आमच्या घरी येऊन आजोबांना माफ करून गेल्या. तुमचे मास्तर मात्र नुसते नावं लिहीत बसले.

"माफी फुकटात मिळाली की देणारा थोरच वाटतो," टाचणी म्हणाली. "बोटं काय तुझ्या घरची गेली?"

मास्तरांनी नावं लिहिली होती हे खरं. कुणी मारलं, कुणी थुंकलं, कुणी नुसतं उभं राहून हसलं, सगळं एका वहीत, तारखेनिशी. ती वही आता वाचनालयात जपून ठेवलेली असे. शिवण उसवली म्हणून नेमकी त्याच आठवड्यात ती आजोबांकडे दुरुस्तीला आली. टाचणीला वाटलं, देवच पावला. रखवालदाराचं नाव नवव्या पानावर होतं. ही वही व्यासपीठावर न्यायची आणि ते नाव शिडीच्या तोंडावर, चारचौघांत वाचायचं. मनातल्या मनात तिने ते इतक्यांदा वाचलं, की पाठच झालं.

आजोबा दोरा आणायला गेले होते. टाचणीने वही हातात घेतली. बाइंडरच्या घरातली पोरं वही हातात आली की वाचण्याआधी पानं मोजतात. दर घडीत आठ पानं होती. शेवटच्या घडीत सातच निघाली. घडीतलं एक पान गळालं, तर त्याच कागदाचा दुसरा अर्धा, म्हणजे त्याचं जोडपानही सुटतं. इथे जोडपान शिवणीत घट्ट होतं, म्हणजे पान गळालेलं नव्हतं, कुठेतरी दडवलेलं होतं. तिने मागच्या पुठ्ठ्याला आतून बोट लावलं. तिथला कागद जाड लागला. चहाच्या किटलीची वाफ देत देत तिने खळ सोडवली, आणि पान हाती आलं.

अक्षर मास्तरांचंच होतं. बोटं गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाइंडरने रखवालदाराच्या सहा वर्षांच्या मुलीला रस्त्यात गाठलं, आणि उकळत्या सरसाचं भांडं तिच्या पायावर ओतलं. खाली लिहिलं होतं : "त्यांच्याही लेकरांना कळू दे, असं आदल्या दिवशी मीच त्याला म्हणालो होतो. म्हणून त्याच्या नावाखाली माझं नाव. शिंपीणबाई मलम घेऊन त्या घरी गेल्या. त्या माफी द्यायला गेल्या नव्हत्या, आमच्यासाठी मागायला गेल्या होत्या."

शिडीची आत्या एक पाय ओढत चालायची. तिच्या चालण्याची नक्कल करून टाचणीने कितीदा तरी वर्ग हसवला होता.

आजोबा आले, आणि उघडं पान बघून दारातच थांबले.

"हे तुम्ही केलंत?"

"वही पहिल्यांदा शिवली तेव्हाच कापून टाकणार होतो," आजोबा म्हणाले. "मास्तरांच्या अक्षरावर कात्री चालवायला हात धजेना. म्हणून चिकटवलं."

"ती सहा वर्षांची होती, आजोबा."

"माहीत आहे." ते बाकावर बसले. म्हणाले, "माझी बोटंही खरी आहेत, पोरी. नवव्या पानावर एक अक्षर खोटं नाही. तू तेवढंच वाच. वाटीत खळ आहे अजून."

दुसऱ्या दिवशी वही छातीशी धरून टाचणी शाळेत गेली.

शिडी आधी बोलला. माफीची गोष्ट त्याने रंगवून सांगितली, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली त्याची आत्या पायाशी बघत राहिली. मग टाचणी उठली. मास्तर थोर, कारण त्यांनी काही विसरू दिलं नाही, असं म्हणून तिने नववं पान उघडलं आणि रखवालदाराचं नाव एकेक अक्षर सुटं करत वाचलं. तारीख वाचली. बोटं वाचली. शिडीचे कान लाल झाले, मान खाली गेली. खोटं कशाला सांगू, टाचणीला ते फार गोड लागलं. इतकी वर्षं ती याचीच तर वाट बघत होती. वस्तीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत आजोबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

बाईंनी वेळ संपल्याची खूण केली. टाचणीला तिथेच खाली उतरता आलं असतं. बक्षीसही तिलाच मिळालं असतं.

पण ती उतरली नाही. तिने भराभर पानं उलटली आणि ती वहीच्या शेवटाला आली. वाफेने सुरकुतलेलं ते पान तिने तळहाताने सपाट केलं. मग रखवालदाराचं नाव वाचलं होतं त्याच आवाजात, तितकंच सावकाश, तिने आपल्या आजोबांचं नाव वाचलं. आणि मग त्याच्या खालचं.