उन्मेषच्या आजाराची चौकशी

उन्मेषच्या पत्राला मी उत्तर दिले नव्हते. माझा हा पुतण्या डभोईला बँकेत. पत्र चार ओळींचे: "काका, सकाळी उठवत नाही. कशातच मन लागत नाही. डॉक्टर म्हणतात, हा आजार आहे, गोळ्या दिल्यात. दादा म्हणतात, बंद कर. तुम्ही इतकं वाचता. घेऊ की सोडू?"

वाचतो खरा, पण खात्रीने काही सांगण्याइतके वाचून झाले आहे, असे मला कधी वाटलेच नाही. पत्र पुस्तकात ठेवून दिले.

तोवर दादांनी, म्हणजे माझे थोरले भाऊ आणि उन्मेषचे वडील दत्ताजीराव यांनी, बैठक बोलावली. आमचे घराणे संस्थानी नोकरीतले. घरात कोणी शिंकले तरी चौकशी बसते. दादा अध्यक्ष. अक्षर बरे म्हणून इतिवृत्त माझ्याकडे.

"कारण ठरल्याशिवाय औषध नाही," दादा म्हणाले.

"कारण केबल," मेहुणे जगदेवराव म्हणाले. "इतकी चॅनेलं बघून माणूस उदास होणारच."

"तुमच्याकडे तर दिवसभर चालू असतं," उन्मेषची आई, कमळावहिनी म्हणाल्या. "बढतीचे पेढे वाटले ना, तेव्हाच नजर लागली पोराला."

"लग्न करी दो, बधुं सारुं थई जशे!" सगळे ठीक करायचा उपाय जगदेवरावांनी गुजरातीत सांगितला.

"तुमचं झालंय की. काय सारुं झालं?" वहिनी म्हणाल्या.

जगदेवराव चिवड्याकडे वळले. मी सगळे लिहीत होतो.

"पगार वेळेवर, डोक्यावर कर्ज नाही, मग दुःख कसलं?" दादा म्हणाले. "मन खंबीर हवं. हा रमाकांत बघा. लीलासारखी बायको गेली, पण कधी कुरकुर केली? गोळी घेतो, तीही ब्लडप्रेशरची."

माझे पेन थांबले.

"दादा, ती ब्लडप्रेशरची नाही. उन्मेषला दिलीय ना, तसलीच आहे."

चिवड्याचा आवाज बंद झाला.

"लीला गेल्यापासून?" दादांनी विचारले.

"नाही, ती होती तेव्हापासूनच. सगळं छान चाललं होतं. चष्म्याचा नंबर काढायचाय सांगून तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली."

"मग कारण काय निघालं?"

"बोट ठेवावं असं एकही नाही. आजार होता, दादा."

दादांनी माझ्यापुढच्या कागदाकडे पाहिले. मग म्हणाले, "हे इतिवृत्तात घेऊ नकोस."

नाही घेतले. त्याच कागदाच्या पाठीमागे लिहिले: "चि. उन्मेष, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नकोस. मीही घेतो. रविवारी येतो, मग बोलू."

वहिनी मागून वाचत होत्या. "भावजी, हेही लिहा. आईनं नजर काढलीय, तरी गोळी घे म्हणावं."

तेही लिहिले आणि पाणीगेटच्या टपालपेटीत पत्र टाकून आलो.