चक्राविषयी दोन मिनिटे

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीचे दोन टॉवर झाले. एक विकत घेणाऱ्यांचा, एक आम्हा फुकट्यांचा. हा शब्द त्यांचा. आम्ही स्वतःला मूळ रहिवासी म्हणतो, पण त्याने लिफ्ट लवकर येत नाही. मधल्या मोकळ्या जागेत यंदा सोसायटीने झेंड्याचा खांब उभारला. इतका उंच की वर बघताना देशाआधी मानेचा मणका आठवावा. खांबाशी काळ्या ग्रॅनाइटचा फलक: केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी, चक्र म्हणजे प्रगती.

त्या 'प्रगती'वर सुभद्राबाई अडल्या. बाई माझ्या शेजारी, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. चाळीत दर पंधरा ऑगस्टला झेंडा चढला की त्याचा अर्थ बाईच सांगायच्या. चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरचं, बुद्धाच्या धम्माचं, हे आम्ही जिलेबीकडे डोळे लावून दर वर्षी ऐकलं. आत्ताचा सेक्रेटरी अभयही आमच्यातच बसायचा.

बाईंनी मीटिंगमध्ये एवढंच सांगितलं, की फलकावर एक ओळ वाढवा, सारनाथचं नाव तरी घाला. अभय घाम पुसत म्हणाला की बाई, मला पटतं, पण त्याने उगाच जात मध्ये येते. सम्राट अशोकाला हे आधी कळलं असतं, तर बिचाऱ्याने स्तंभावर चक्राऐवजी लिफ्ट कोरली असती.

ओळ वाढली नाही. बाई घरी येऊन मला म्हणाल्या, झेंडा चढताना खाली उभं राहून तेवढं सांगायचं होतं गं, दुसरं काही नको होतं. मला फार वाईट वाटलं, आणि अभयचा रागही आला.

मग चमत्कार झाला. समोरच्या टॉवरमधल्या रुचा मॅडमना कुठूनसं कळलं, की सर्वसमावेशक असणं हल्ली फोटोत चांगलं दिसतं. कमिटीचं मत रातोरात पालटलं आणि बाईंच्या घरी सोनेरी कडांचं कार्ड आलं. 'विशेष अतिथी: बौद्ध समाजाच्या प्रतिनिधी. चक्राविषयी दोन मिनिटे.' मी तर पेढे आणायला निघाले.

पंधराला सकाळी बघते तर बाई पांढरी साडी नेसून तयार, पण खुर्चीवरून हलेनात. शेवटी अभय स्वतः वर आला, छातीला बिल्ला, हातात पुष्पगुच्छ. म्हणाला, सगळे खोळंबलेत.

बाईंनी आधी त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "चाळीत मला कधी कोणी बोलावलं होतं का रे?"

"नाही बाई. तुम्ही आपण होऊन यायचात."

"घरच्यांना आमंत्रण नसतं, अभय. जन्मभर मी घरचं कार्य म्हणून आले. या कार्डाने तू मला पाहुणी केलंस."

तेवढ्यात खाली कोणाचा तरी धीर सुटला, दोरी ओढली गेली आणि स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं. बाई खिडकीशी ताठ उभ्या राहिल्या, मागे मी. आणि ज्याच्यावाचून सोसायटीचं पान हलत नाही, तो सेक्रेटरी पुष्पगुच्छासकट बाईंच्या मोरीच्या दारात सावधान. खिडकीतून झेंडा अगदी समोर फडकत होता.

राष्ट्रगीत संपल्यावर अभयने मान खाली घालून गुच्छ टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलून परत त्याच्या हातात दिला.

"हा पाहुण्यांचा आहे. खाली घेऊन जा."