कानामागची पट्टी

हॉटेलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या बाईला किळस करून चालत नाही. परक्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे हातानं वेगळे करायचे आणि डाग दिसला की नाक न मुरडता त्यावर पावडर चोळायची, हे ती लग्नाआधीपासून करत आली होती. पण स्वतःच्या बाथरूमच्या भिंतीवर चिकटवून ठेवलेली एक पट्टी पाहिली आणि तिनंही नाक मुरडलं. नखाएवढी, पारदर्शक, कडेनं पिवळी पडलेली. तिला दोन केस आणि कातडीचा पापुद्रा लागलेला.

"हे काय आहे?" तिनं चिमटीत धरून नवऱ्याला विचारलं.

"कानाचं," तो म्हणाला आणि आरशापुढून हललाही नाही.

नवरा दागिन्यांच्या दुकानात होता. इतकी वर्षं मागच्या खोलीत डब्या भरायचा, आता मालकानं त्याला काउंटरवर आणलं होतं. आणता आणता मालक बोलून गेला होता, "गिऱ्हाईक दागिने बघणार की तुमचे कान?" कान होतेच तसे, सुपासारखे, डोक्यापासून सुटे. त्यात दुकानाच्या चारी भिंतींना आरसे. जिकडे वळावं तिकडे कानच कान.

आधी त्यानं केस वाढवले. केस विरळ, त्यातूनही कान डोकावायचेच. मग डोक्याला घट्ट पट्टा बांधून झोपायला लागला. त्यानं काही फरक पडेना, तेव्हा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या या पट्ट्या आल्या. सकाळी कान डोक्याशी दाबून चिकटवायचा, संध्याकाळी घामानं लिबलिबीत झालेली पट्टी ओढून काढायची. त्या पट्टीला एक आंबूस वास यायचा. तो वास त्याच्या उशीला लागला, आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपू लागली.

सासूबाई मात्र खूश. "बघ, कसा साहेबासारखा दिसतोय! मुळात नाकीडोळी नीटसच आहे माझा लेक."

"कानामागे बघितलंत का एकदा?" तिनं विचारलं.

"कानामागे कोण बघतंय गं?"

मग एका दुपारी भर दुकानात पट्टी सुटली आणि गिऱ्हाइकासमोर एक कान फटकन बाहेर आला. मालक खाली मान घालून हसला. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं पट्टी पक्की बसावी म्हणून गोंदाची बाटली आणली. कातडीला चालतो म्हणे. आठवड्याभरात कानामागे लाल चट्टे उठले, मग तिथून पाणी झरायला लागलं. अखेर ती त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"मूल अगदी तान्हं असतं तेव्हा कानाची कूर्चा मऊ असते, तेव्हा बाहेरून वळण लावता येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या वयात पट्टी निघाली की कान परत होता तिथं. एखाद्या दिवशी हौसेनं लावली तर लावा, पण कातडी धड असेल तर. आता हे भरेपर्यंत काहीही लावायचं नाही."

त्यानं शहाण्यासारखी मान हलवली. सकाळी उठून त्याच ओल्या जखमेवर गोंद लावला. ते बघून तिनं हातातला चहा मोरीत ओतला.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी ती बाथरूममध्ये गेली तर मुलगी स्टुलावर उभी. मुलगी पहिलीत, कान थेट बापाचे. एक कान डोक्याला चिकटलेला, दुसरा ती तळहातानं दाबून धरत होती.

"काय लावलंस?"

"बाबांची पट्टी. त्यांनी टाकलेली, म्हणून मी घेतली."

"कचऱ्यातून?"

"माझे पण तसेच आहेत ना, आई."

तिनं पट्टीला हात घातला आणि ओढली. मुलगी किंचाळली. नवरा धावत आला.

"सुकी ओढू नकोस! तेल लाव आधी, कडेनं सोडव," तो म्हणाला. रोजचं काम सांगावं तसं. ते ऐकून तिला उबळ आली. ती बाजूला झाली आणि बेसिनमध्ये ओकली.

त्यानं तेल लावून पट्टी हळूहळू सोडवली. लेकीच्या कानामागे लाल ओरखडा उठला होता आणि त्यावर त्याचाच एक जाड काळा केस चिकटला होता. त्यानं तो केस चिमटीत धरून उचलला.

"शी," तो म्हणाला. "किळस येतेय मला."

"मला कधीची येतेय," ती म्हणाली.

त्यानं बाटली आणि पट्ट्या पिशवीत कोंबल्या आणि खाली जाऊन टाकून आला. सासूबाई पुटपुटल्या, "चांगला दिसत होता."

दुसऱ्या दिवशी कामावर तो मोकळ्या कानांनी गेला. मालकानं भुवया उंचावल्या. नवरा म्हणाला, "कानच आहेत साहेब. गिऱ्हाइकाला काय दाखवू, ते सांगा." त्याचा आवाज कापत होता, हे त्यानं घरी येऊन स्वतःच सांगितलं.

मग ती कापसावर मलम घेऊन त्याच्या मागे उभी राहिली. खपल्या ओल्याच होत्या. तिनं श्वास रोखून धरला.

"येतो का गं अजून वास?" त्यानं विचारलं.

"येतो," ती म्हणाली. "मान खाली घाल."