बॉनेट वाजलं की चहा

गाडी विकत घेणारा राकेश मालेगावहून निघाला होता, चारपर्यंत पोचतो म्हणाला होता, आणि ती अजून सुरू होत नव्हती.

"चालू नसली तरी चालेल काकू," तो फोनवर म्हणाला होता. "तिथेच टेम्पो बघतो, टोचन करून नेतो."

टोचन. म्हणजे पुढे टेम्पो, मध्ये दोर आणि मागे मान खाली घालून किशोरची लाल गाडी, सगळ्या कॉलनीच्या देखत. मोहिनीला गाडी विकायची होतीच. पण जायची तर ती आपल्या चाकांवर जाईल, एवढं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. माणूस गेला तो चौघांच्या खांद्यावरून. गाडीने तरी चालत जावं.

गाडी तीस वर्षांची, दोन दारांची आणि दोनच सीटची. तिचा नवरा किशोर सातपूरच्या कारखान्यात फोरमन. देवळालीच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून त्याने ही स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "आणि मुलं कुठे बसायची?"

"झाली की विकू," किशोर म्हणाला.

मुलं झाली नाहीत. गाडी राहिली.

काल बॅटरीवाला नवी बॅटरी बसवून गेला. किल्ली फिरवली की इंजिन खाकरायचं, धडपडत दोन श्वास घ्यायचं आणि बंद. "इंजिन गेलंय," त्याने जाता जाता निदान केलं. ते त्याचं काम नव्हतं, म्हणून फुकट केलं.

शेवटी मोहिनीने वाळूभाऊला फोन लावला. त्याचं सातपूरला गॅरेज होतं तेव्हा किशोरचे सगळे रविवार त्याच्याकडेच जमा व्हायचे. आता तो हरसूलला आपल्या गावी भातशेती बघत होता.

"वहिनी? थांबा, टेकाडावर जातो, हितं रेंज नाय." बराच वेळ नुसत्या धापा. "हां. व्हिडिओ लावा, बॉनेट उघडा. तुमचं तोंड नका दाखवू, इंजिन दाखवा."

तिने फोन वळवला.

"तो काळा जाड पाइप हाय ना, घड्याघड्यांचा? हवेचा. त्याला हात लावा."

पाइप जागेवर असल्यासारखाच दिसत होता, पण बोट लागताच बाजूला झाला. टोक मोकळं. इंजिनाच्या बाजूच्या तोंडात पिवळ्या फडक्याचा बोळा, आणि क्लिप नीट सैल करून पाइपलाच अडकवलेली.

"सुटलाय," ती म्हणाली.

"सुटला नाय वहिनी. काढलाय." वाळूभाऊ हसला.

"कोणी?"

"आता... साहेबांनी कुणाला सांगू नको म्हटलं व्हतं."

"साहेब आता रागवायचे नाहीत, वाळूभाऊ. सांगा."

"तुम्ही एकदा रुसून गाडी घेऊन माहेरी गेल्या व्हत्या ना?"

गेली होती. लासलगावपर्यंत सबंध रस्ता कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून, दुसऱ्या गिअरात. दारात उतरली तर वडील गाडीत वाकून म्हणाले, "जावई कुठायत?" जावई तिसऱ्या दिवशी एसटीने उभ्याने आले, हातात चिवड्याचा चुरा झालेला पुडा.

"तवापासून," वाळूभाऊ सांगत होता. "तुमचं भांडण झालं की साहेब खाली जाऊन पाइप काढून ठेवायचे. म्हनायचे, वाळू, ती पुन्यांदा गेली तर मला लासलगाव लय लांब पडंल. अन् सकाळी उठून गुपचूप लावायचे."

मोहिनी मडगार्डला टेकली. सकाळ तिला माहीत होती. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी खालून धप्प असा बॉनेटचा आवाज यायचा, की दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत तिला कळायचं, राग उतरला. मग ती चहा टाकायची. वीस वर्षं तिला वाटत आलं, हा माणूस बायकोवरचा राग गाडीशी बोलून घालवतो.

शेवटचं भांडण दहा महिन्यांपूर्वीचं. छातीच्या तपासणीचे कागद त्याने गाडीच्या कागदांखाली लपवले होते, ते तिला सापडले. "उद्याच मी लासलगावला जाते," ती म्हणाली होती, "कायमची." तो उठला आणि खाली गाडीकडे गेला. पाठ फिरवून. ती पाठ तिने दहा महिने उराशी बाळगली होती. सकाळी बॉनेट वाजलं नाही. आज आधी बॉनेट वाजू दे, मग चहा, अशी ती मुद्दाम बसून राहिली. आणि तो तिकडे बाथरूममध्ये पडला होता.

"वहिनी? नीट दिसंना. फोन खाली गेलाय तुमचा."

"हो. धरते नीट."

"आधी फडकं काढा. मग पाइप तोंडावर दाबा, फिरवत फिरवत. बसला? आता क्लिप. लय आवळू नका, रबर जुनं हाय."

"किती आवळू?"

"साहेब म्हनायचे, निसटू नये, पण पुन्हा काढता यावा."

तिने स्क्रू तेवढाच पिळला. किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं, अडखळलं आणि मग सुरात लागलं. टेकाडावरून वाळूभाऊ काहीतरी बोलला, ते त्या आवाजात बुडालं. फोन ठेवून तिने बॉनेट सोडलं.

धप्प.

तिची नजर आपोआप वर गेली. खिडकीत कोणी नव्हतं. तिथे असायची ती इथे खाली उभी होती.

राकेश पावणेचारलाच रिक्षातून उतरला आणि गाडी चालू बघून नवऱ्या मुलासारखा लाजला. मोहिनीने पुन्हा बॉनेट उघडून त्याला पाइप दाखवला.

"हा काढला की गाडी जागची जात नाही."

"चोर नेऊ नये म्हणून?"

"चोर नाही. लग्न झालंय ना तुझं?"

"मागच्या वर्षी. भाग्यश्री नाव. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, काकू."

"मग कधीतरी पाइप काढावासा वाटेल तुला. काढ. पण तिला सांगून काढ."

त्याला काही कळलं नाही, तरी तो हो म्हणाला. गाडी आपल्या चाकांवर गेटबाहेर पडली, कोपऱ्यावर जरा थांबली, वळली.

पिवळं फडकं हातात तसंच घेऊन मोहिनी जिना चढली. वरच्या खिडकीतून आवाज अजून येत होता, सिग्नलपर्यंत, त्याच्याही थोडा पुढे. तो पुरता विरल्यावर तिने गॅस पेटवला आणि त्या सकाळचा राहिलेला चहा टाकला.