मालनच्या चुलीजवळची बुधली

मी बोलतेय, घाटकोपरच्या भटवाडीतली तेलाची बुधली. आज उन्हात पालथी पडले आहे, पण एकेकाळी माझं पोट गोडेतेलानं भरलेलं असायचं.

एका म्हाताऱ्यानं जुन्या डब्याचा पत्रा कापून मला घडवलं. मालननं मला चुलीशेजारी जागा दिली. कोकणातून आलेली दोघंच भावंडं, मालन आणि धाकटा बाळा. त्यांना आईबाप नव्हते.

मालनला कावीळ झाली आणि कुणीतरी सांगितलं, तेल बंद. बाळानं मला फळीवर चढवलं. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, महिने उलटले, तरी तो मला खाली काढू देईना.

"बरी झालेय रे मी."

"गप रव. परत झाली तर?"

नुसती पेज आणि मीठ. तिची कातडी खवल्यांसारखी सुटू लागली, साधा ओरखडा भरेना. शेवटी डॉक्टर बाळावर वैतागले. "कावीळ कधीच गेली. काही स्निग्ध अंश शरीर स्वतः बनवत नाही, ते खाण्यातूनच मिळतात. कातडीला लागतात, जखम भरायला लागतात. तेल दे तिला."

त्या दुपारी मोहरी तडतडली आणि बाळा शिंकत सुटला. "मला खायला सांगितलंय, तुला शिंकायला नाही," मालन म्हणाली. हळूहळू तिचे हात पुन्हा मऊ झाले. मग रविवारी खारदांड्याच्या कोळीवाड्यातले बांगडे, तव्यावर माझी बारीक धार, आणि दोघांचं भांडण, शेवटचा तुकडा कुणाचा.

यंदा विषमज्वरानं मालनला नेलं. सुतकात घरात फोडणी नव्हती. शेजारची जानकीकाकू बिनफोडणीचं वरण आणून देई. सुतक फिटलं, पण बाळा म्हणाला, "तिच्या नावानं तेल सोडलं." माणसं गेलेल्याच्या नावानं एखादी भाजी सोडतात. यानं मलाच सोडलं, परत फळीवर चढवलं.

काल फळीवर काडेपेटी शोधताना त्याचा हात मला लागला. मनगटावर तेच खवले. दारात आलेल्या जानकीकाकूनंही ते पाहिलं.

"हे बघून ती खूश होईल काय रे?"

"तू जा, काकू."

काकू गेली. मग त्यानं मला उतरवलं, राखेनं घासलं आणि आज सकाळी उन्हात ठेवलं.

आता माझ्यात पाण्याचा थेंबही उरलेला नाही. बाळा, माझी मूठ बघ, मालनच्या पकडीनं एका बाजूला झिजली आहे. तेल भर, तिथेच धर, आणि तव्यावर ओत.