कोरड्या खड्ड्यातलं सूत

“ओल्या गं सावलीत, सूत माझं नांदतं,
कोरड्या वाऱ्यासंगं, घडीघडी भांडतं…”

मागासाठी सुताच्या कांड्या भरताना आई हे म्हणायची. आई गेली, पण आवाज अंजनीच्या कानात राहिला.

बेळगावला लागून असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. गल्लीभर माग खटखटायचे. अंजनीच्या घरातला मात्र सारखा अडायचा. ऊन वाढलं तसं सूत तुटू लागलं. आप्पा गाठ मारायचे, ते पुन्हा तुटायचं. आई गेल्यापासून आप्पा लेकीशीसुद्धा बोलत नसत.

सदलग्याहून आत्या आली. म्हणाली, “आई गेली, आता सूत बी टिकंना. पोरीचा पायगुणच म्हणायचा! उद्या हिला घेऊन जाते मी.”

आप्पा तुटल्या सुताला गाठ मारत राहिले. अंजनीनं त्यांच्याकडं पाहिलं. आप्पांनाही तसंच वाटत असेल?

“आत्या, माझ्यामुळं तुटतंय का वाऱ्यामुळं, बघूया की!”

“आली मोठी मास्तरीण!”

अंजनीनं एकाच कांडीचे दोन सारखे धागे तोडले. एक उन्हाच्या झळीत टांगला, दुसरा ओल्या पोत्याशेजारी. दुपार कलल्यावर दोन्हींना पानाचे द्रोण बांधले आणि एकेक चिंचोका टाकत गेली. झळीतला धागा लवकर तुटला. ओलीतला तग धरून राहिला.

“त्यो धागाच कच्चा असंल,” आत्या म्हणाली.

मग अंजनीनं नवे धागे घेतले, जागा बदलून पाहिल्या. तरी झळीतलाच आधी तुटला.

हवेत न दिसणारी वाफ असते. कापसाचे तंतू ती पितात, मऊ होतात, ताण सोसतात. हवा वाळली की तेच तंतू कडक होतात आणि ताणाला कटकन तुटतात.

अंजनी मागाच्या खड्ड्यात उतरली. विणकर तिथं पाय सोडून बसतो. त्या मातीची ओल वर सुताला मिळते. आई रोज पहाटे तिथं पाणी शिंपडायची. आता मातीला भेगा पडल्या होत्या.

“आप्पा, खड्डा वाळलाय! म्हणून तुटतंय सूत.”

आडवं सूत नेणारा धोटा आप्पांनी बाजूला ठेवला.

“मला ठावं हाय, पोरी. पयल्यापासनं ठावं हाय. पर पाणी तुझी आई शिंपडायची. मी तांब्या हातात घेतो आणि… मला शिंपडवतच न्हाय गं. तुझा कसला पायगुण? तू जाऊ नगंस.”