अर्थ सांगणारा गावाला गेला तेव्हा

आमच्या शिवणकामाच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी दुपारी ख्रिस्ती मंडळीची प्रार्थनासभा भरायची. खाली मामंजी कोट बेतायचे, सासूबाई काजं करायच्या. रविवारी मात्र यंत्रांवर कापड पांघरलेलं असे आणि वर बाकं मांडलेली.

सभेतल्या बहुतेकांना अन्य भाषेचं दान मिळालं होतं. पवित्र आत्मा उतरला की माणूस कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलू लागे. मग सगळे गप्प बसत आणि घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी डोळे मिटून त्याचा अर्थ सांगत. ते काम त्यांचंच.

सासूबाईंना मात्र ते दान मिळालं नव्हतं. मलाही नव्हतं, पण मला घाई नव्हती. त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा. देवाला आपण नकोसे झालो की काय, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यात बेकरीवाल्या बाई चिमटे काढायच्या. त्यांना म्हणे पहिल्याच सभेत भाषा आली होती.

"काय हो वहिनी, तुमचं अजून अडलंय वाटतं?"

"अडू दे. तुमच्याच इतक्या भाषा झाल्यात, घड्याळजी दमतात बिचारे!" सासूबाई म्हणायच्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी दुकानात काजं करता करता त्यांचा हात थांबायचा.

एका रविवारी घड्याळजी नव्हते. मुलीचं बाळंतपण होतं, ते तिच्या गावाला गेले होते. आणि नेमकं त्याच दिवशी, गाणं संपता संपता, सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सूनबाई, आलं गं."

पहिले दोन-तीन शब्द निसटलेच. सभा चालवणारे पाळकसाहेब पुढे आले आणि हळूच म्हणाले, "आई, आज अर्थ सांगणारा नाही. अशा वेळी मंडळीत बोलायचं नाही, देवाशी बोलायचं, असं बायबलात पौलानं सांगितलंय."

सासूबाई हवालदिल झाल्या. "मग थांबवू? पुन्हा नाही आलं तर?"

"थांबवू नका. खाली जा, मोकळ्या मनानं बोला."

तेवढ्यात बेकरीवाल्या बाई ताडकन उठल्या. "हे काय? इतकी वर्षं वाट बघितली त्यांनी, आणि आता खाली पाठवता? आम्हाला ऐकू तरी द्या! एक दिवस नियम मोडला तर काय आभाळ कोसळतंय?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनी ऐकावं असं त्यांना किती वाटत होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी नाही म्हणून मान हलवली, तोंडावर हात धरला आणि जिन्याकडे निघाल्या. मी मागोमाग.

खाली, टांगलेल्या कोटांच्या मधे उभ्या राहून त्या बोलल्या. ओरडणं नाही, अंग हलवणं नाही. शेजारणीशी बोलावं तसं. मला एक अक्षर कळलं नाही. पण मधेच त्या काही विचारत होत्या, थांबून ऐकत होत्या, एकदा तर चक्क हसल्या. बेतायच्या मेजावरचं कापड त्या हाताने सारखं करत होत्या, खडूच्या खुणा पुसल्या जात होत्या आणि मी त्यांना अडवलं नाही.

मग त्या गप्प झाल्या. पाणी मागितलं.

"काय बोललात?" मी विचारलं.

"मला तरी कुठे कळलं? पण बोलणं झालं." चेहरा नुकताच धुतल्यासारखा दिसत होता.

वर गेल्यावर बेकरीवाल्या बाईंनी सरकून जागा केली. "कसं वाटलं हो?"

"अहो, जन्मात पहिल्यांदा माझं कुणीतरी मधे न तोडता ऐकलं."

सगळी खोली हसली. मामंजी छताकडे बघत बसले.

पुढे घड्याळजी परतले आणि फार हळहळले. पुन्हा कधी आलं तर सभेतच बोला, अर्थ सांगायला मी आहे, म्हणाले. सासूबाईंनी त्यांना बाळाचं विचारलं, मुलीचं विचारलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बाकीच्यांचं बघा. मला खालचंच बरं."

त्यानंतर कधी कधी सभा रंगात आलेली असताना त्या उठायच्या. बेकरीवाल्या बाई न बोलता पाय आवरून घेत, आणि सासूबाई पदर सावरत जिना उतरायच्या.